डोंगर घडवा, नदी ऐका: लँडलॅब आणि डेटाच्या आवाजाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी वाईचा. भूगोल शिकवतो, आणि गेली काही वर्षं कॉम्प्युटरवर डोंगर झिजवून बघणं आणि नद्यांच्या उंचीच्या डेटाचा आवाज काढणं या दोन गोष्टींत पुरता अडकलोय. वर्कशॉपमध्ये आणि मेसेजवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही, अडलात की तेवढा प्रश्न बघा.

हे नेमकं काय आहे? डोंगराचा आवाज म्हणजे काय, वाऱ्याचा वगैरे का?

नाही, रेकॉर्डिंग नाही. उंचीचे आकडे घ्यायचे आणि त्यांना सूर द्यायचे, जास्त उंची तर वरचा सूर, कमी उंची तर खालचा. नदीच्या उगमापासून सुरुवात केली आणि पाण्यासोबत खाली खाली आकडे वाचत गेलं की नदी कशी उतरते ते कानाला कळतं. याला सोनिफिकेशन म्हणतात. गायगर काउंटरची टकटक तुम्ही सिनेमात ऐकली असेल, ते सोनिफिकेशनच आहे, जितकी टकटक दाट तितकं रेडिएशन जास्त. कल्पना जुनीच आहे, आपण फक्त ती नदीला लावतोय.

लँडलॅब काय आहे? कोणी बनवलं?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, पृथ्वीच्या पृष्ठभागावर जे काही चालतं, म्हणजे पाणी वाहणं, दगड झिजणं, माती सरकणं, गाळ साचणं, त्याची मॉडेल्स बनवण्यासाठी. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ कोलोरॅडो बोल्डर, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि तुलेन युनिव्हर्सिटी इथल्या भूशास्त्रज्ञांनी आणि प्रोग्रामर लोकांनी मिळून सुरू केलं. २०१७ मध्ये त्यावरचा मुख्य शोधनिबंध आला आणि २०२० मध्ये दुसरी मोठी आवृत्ती. फुकट आहे आणि कोड पूर्ण उघडा आहे.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुटे भाग. ग्रिड, म्हणजे ठिपक्यांची जाळी, वेगळं, पाणी कुठून कुठे वाहील ते ठरवणारा भाग वेगळा, नदीची झीज करणारा वेगळा, उतारावरची माती हळूहळू खाली सरकवणारा वेगळा. हवे ते भाग उचला, जोडा, चालवा. पूर्वी हे करायचं तर प्रत्येक पीएचडीवाल्याने स्वतःचा प्रोग्राम शून्यातून लिहायचा आणि तो त्याच्याबरोबरच निवृत्त व्हायचा.

मॉडेलच्या आत नेमकं काय चालतं? गणित कितपत लागतं?

बारावीपर्यंतचं पुरतं, खरंच. सगळ्याचा कणा एकच सूत्र आहे. एखाद्या ठिकाणी नदीचं पात्र किती वेगाने झिजेल? तर तिथे वरून किती पाणी गोळा होऊन येतंय, म्हणजे पाणलोट क्षेत्र किती, आणि तिथला उतार किती, यावर ते अवलंबून. पाणलोट क्षेत्राचं साधारण वर्गमूळ घ्या, उताराने गुणा, आणि दगड किती कच्चा किंवा पक्का आहे त्या आकड्याने गुणा, झाली झीज. उलट बाजूने जमीन हळूहळू वर उचलली जात असते, त्याला उत्थान म्हणतात. दरवर्षी थोडं उचला, थोडं झिजवा, पुन्हा उचला, पुन्हा झिजवा.

एक उदाहरण घ्या म्हणजे पटेल. शंभर बाय शंभर ठिपक्यांचं ग्रिड, दोन ठिपक्यांत १०० मीटर, म्हणजे १० किलोमीटर लांबरुंद तुकडा. उत्थान वर्षाला १ मिलिमीटर. एका स्टेपला १००० वर्षं, म्हणजे दर स्टेपला जमीन १ मीटर वर येणार. आणि दगडाचा आकडा एक भागिले एक लाख ठेवा. दोन-तीन हजार स्टेप चालवल्या की, म्हणजे वीस-तीस लाख वर्षं, जेवढं उचललं जातंय तेवढंच झिजतंय अशी अवस्था येते आणि डोंगर बदलायचे थांबतात. तेव्हा ज्या ठिकाणी पाणलोट १ चौरस किलोमीटर आहे तिथे उतार बरोबर ०.१ येतो, म्हणजे १० मीटर चाललात की १ मीटर उतरलात. हे कागदावर सोडवून बघा आणि मग मॉडेलमध्ये जाऊन त्या ठिपक्याचा उतार मोजा. जुळला की जो आनंद होतो ना, तो मी अजून प्रत्येक बॅचला बघतो.

दरवेळी रन केलं की वेगळाच डोंगर येतो. बग आहे का?

बग नाही. सुरुवातीची जमीन एकदम गुळगुळीत ठेवली तर पाण्याला कुठे वळायचं तेच कळत नाही आणि सगळ्या नद्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ येतात, म्हणून सुरुवातीला प्रत्येक ठिपक्याला थोडीशी रँडम खडबड देतात. त्या खडबडीवरून पुढच्या सगळ्या दऱ्या ठरतात. रँडमचा सीड नंबर, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, फिक्स करा, तोच डोंगर परत येईल. आणि तो नंबर लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

म्हणजे मला सह्याद्री बनवता येईल?

सह्याद्रीसारखं काहीतरी येईल. सह्याद्री येणार नाही. आपल्याकडे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, पश्चिमेचा भाग तुटून वेगळा झाला, मग कड्याची कड हळूहळू पूर्वेकडे मागे सरकत गेली, आणि तो लाव्हासुद्धा एकसारखा नाही, एक थर पक्का तर त्याखालचा भुसभुशीत, म्हणून तर आपल्या डोंगरांना त्या पायऱ्या आहेत. लँडलॅबमध्ये असे थर देता येतात, त्यासाठी वेगळा भाग आहे. पण प्रत्येक थराचा आकडा किती, कोट्यवधी वर्षांत पाऊस कसा बदलला, हे सगळं गृहीत धरावं लागतं. मॉडेलचा उपयोग "जर असं असेल तर काय होईल" हे बघायला. मॉडेलमधला डोंगर सह्याद्रीसारखा दिसला म्हणून सह्याद्री तसाच घडला हे सिद्ध होत नाही, आणि हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

खऱ्या डोंगराच्या उंचीचा डेटा कुठे मिळतो?

फुकट मिळतो. सगळ्यात सोपा एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे स्पेस शटल ११ दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि जमिनीचा बहुतेक भाग मोजून आलं. साधारण ३० मीटरला एक आकडा. ओपन टोपोग्राफी किंवा अमेरिकन भूसर्वेक्षणाच्या अर्थ एक्स्प्लोररवर लॉगिन करून घ्या. इस्रोच्या भुवनवर कार्टोसॅटचा डेटा आहे आणि युरोपचा कोपर्निकस डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) पण आहे, तो जास्त नवा आणि बऱ्याच ठिकाणी जास्त स्वच्छ.

फाईल एक अंश बाय एक अंश अशा चौकोनात येते. महाबळेश्वर, वाई, पोलादपूर, कोयना धरण हे सगळं १७ उत्तर ७३ पूर्व या एकाच चौकोनात बसतं. पण सावित्री महाडला पोचेपर्यंत वरच्या चौकोनात जाते आणि कृष्णा कऱ्हाडला शेजारच्या. त्यामुळे आजूबाजूचे चौकोन आधीच उतरवून जोडून घ्या, नाहीतर आवाज मध्येच तुटतो आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. रडारला दाट झाडीखालची जमीन नीट दिसत नाही, त्यामुळे कोयनेच्या जंगलात उंची थोडी जास्त येते. आणि उभ्या कड्याच्या सावलीत रडारला काहीच दिसत नाही, तिथे डेटाला भोकं पडतात. नंतरच्या आवृत्तीत ती दुसऱ्या डेटाने भरलीत पण ते भरलेलं आहे, मोजलेलं नाही. कोकणकड्यासारख्या ठिकाणी हा फरक पडतोच.

पूर्ण चौकोन लँडलॅबमध्ये टाकला आणि लॅपटॉप गार पडला.

३६०१ बाय ३६०१ म्हणजे जवळजवळ १ कोटी ३० लाख ठिपके. आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हवा तेवढाच तुकडा कापा आणि यूटीएम झोन ४३ उत्तर या नकाशा-पद्धतीत बदलून घ्या म्हणजे अंतरं अंशांऐवजी मीटरमध्ये येतील. शिकण्यासाठी ३० मीटरचं ९० मीटर केलं तरी काही बिघडत नाही.

उंचीचा सूर नेमका कसा करायचा?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. समजा ० मीटरला ११० हर्ट्झ आणि १४०० मीटरला ८८० हर्ट्झ द्यायचं ठरवलं. साहजिकच आपण सरळ त्रैराशिक लावतो. तसं केलं तर पायथ्याचे पहिले २०० मीटर ११० वरून २२० वर जातात, म्हणजे पूर्ण एक सप्तक, आणि माथ्याचे २०० मीटर ७७० वरून ८८० वर, म्हणजे पेटीच्या जेमतेम सव्वादोन पट्ट्या. दोन्हीकडे चढ तेवढाच, पण कानाला कोकण प्रचंड चढाचं वाटणार आणि महाबळेश्वर सपाट. साफ खोटं चित्र. कारण कानाला हर्ट्झमधली वजाबाकी कळत नाही, भागाकार कळतो, दुप्पट झालं की एक सप्तक.

म्हणून उंचीचा आधी सप्तकांत हिशोब करा आणि मग दोनचा तेवढा घात घ्या. ११० ते ८८० म्हणजे तीन सप्तकं, ३६ पट्ट्या, त्यामुळे दर ३९ मीटरला साधारण एक पट्टी. ७०० मीटर बरोबर मध्ये, ३११ हर्ट्झला. आता २०० मीटर कुठेही चढा, कानाला सारखेच.

मोबाईलच्या स्पीकरवर ११० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, तेव्हा फोनवर पाठवायचं असेल तर सगळंच एक सप्तक वर न्या.

मला कोडिंग येत नाही. काहीच करता येणार नाही का?

येईल की! घरात पेटी असेल तर आजच होईल. क्यूजीआयएसमध्ये नदीवरून रेघ मारून उंचीचा प्रोफाइल काढा, तो टेबल म्हणून बाहेर काढता येतो. दर किलोमीटरची उंची घ्या, ३९ ने भागा, जवळचा पूर्णांक घ्या. पेटीची सगळ्यात खालची पट्टी म्हणजे समुद्र, शून्य. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत जा. वाईजवळचा कृष्णाकाठ येतो अठराव्या पट्टीच्या आसपास. नेहमीच्या साडेतीन सप्तकांच्या पेटीवर महाबळेश्वर आरामात बसतं. आकडे कागदावर लिहा, एकाने वाचायचे, दुसऱ्याने दाबायचे. सातवीच्या पोरांबरोबर हे केलंय मी, वीस मिनिटांत कृष्णा वाजवली त्यांनी, आणि सरळ उतरणारी नदी मध्येच एका पट्टीवर का अडकली हे विचारायला पोरं स्वतःच नकाशाकडे धावली.

माझी पूर्ण नदी एकाच सुरात वाजते, काय चुकलं?

दहातल्या नऊ वेळा नो-डेटा. जिथे उंची माहीत नाही तिथे फाईलमध्ये उणे ३२७६८ लिहिलेलं असतं आणि यूटीएममध्ये बदलताना कडेला असे तुकडे हमखास तयार होतात. तुमच्या कोडने सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उंची शोधली आणि त्यात सूर वाटले, तर कमीत कमी उंची झाली उणे ३२७६८, आणि समुद्रापासून महाबळेश्वरपर्यंतचा अख्खा सह्याद्री वरच्या ४ टक्क्यांत कोंबला गेला, ३६ पट्ट्यांतली जेमतेम दीड पट्टी. माझा एक पूर्ण रविवार यात गेलाय. आता मी आधी कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची स्क्रीनवर छापतो आणि मगच पुढे जातो, तुम्हीही ती सवय लावून घ्या.

आणि नुसती खरखर येत असेल तर?

फाईल थेट वाचताय का? एसआरटीएमच्या मूळ फाईलमध्ये प्रत्येक आकडा दोन बाइटचा असतो आणि मोठा बाइट आधी असतो, आपले कॉम्प्युटर बहुतेक उलटं वाचतात. मग १३०० मीटरचे ५१२५ होतात आणि १३०१ चे ५३८१. एका मीटरची खडबड थेट २५६ मीटरची झाली, खरखर येणारच. जीडॅल किंवा रास्टेरिओ या नकाशाच्या फाईल वाचणाऱ्या लायब्ररींनी उघडा, ते आपोआप बरोबर वाचतात.

सूर बदलताना टक टक असा आवाज येतो.

प्रत्येक सुराची लाट तुम्ही शून्यापासून नव्याने सुरू करताय. आधीची लाट जिथे तुटली आणि पुढची जिथून सुरू झाली तिथे उडी पडते, तीच टक. उपाय सोपा आहे, प्रत्येक क्षणाची फ्रिक्वेन्सी काढा, ती बेरीज करत करत कोन वाढवत न्या आणि शेवटी एकदाच साइन घ्या. नमपाय या पायथॉनच्या गणिताच्या लायब्ररीत हे एका ओळीचं काम आहे. सूर मग मींड घेतल्यासारखा सरकतो.

नदीचा प्रत्येक ठिपका सारखाच वेळ वाजवला तर चालेल ना?

नाही, आणि ही चूक पटकन लक्षात येत नाही. चौकोनी ग्रिडवर पाणी एक तर सरळ शेजारी जातं किंवा तिरकं. तिरकं गेलं की अंतर १.४१ पट. सगळ्यांना सारखाच वेळ दिला तर तिरक्या वाहणाऱ्या भागात नदी उगीच जास्त उताराची वाटते. लँडलॅबचा चॅनल प्रोफायलर नदीकाठचं खरं अंतर देतो, ते वापरा आणि अंतरावरून वेळ ठरवा. माझा कायमचा नियम, १ किलोमीटर म्हणजे १ सेकंद. सगळ्या नद्यांना तोच, तरच दोन नद्यांची तुलना करता येते.

माझी नदी मध्येच वर चढते!

डेटातली खडबड. अरुंद घळीत ३० मीटरचा एक ठिपका शेजारच्या कड्याची उंची पण पकडतो. आधी खड्डे बुजवून घ्या, लँडलॅबमध्ये त्यासाठी भाग आहे, ग्रास जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. फक्त बुजवल्यावर सपाट तुकडे तयार होतात आणि ते एकाच सुरात वाजतात, तो सूर खऱ्या नदीचा नाही एवढं सांगून ठेवा.

सूर रागात बसवले तर ऐकायला गोड लागेल ना?

लागेल. मीही केलंय, भूप घेतला, सा रे ग प ध, काहीही वाजवा बेसूर होत नाही. लोकांना खूप आवडलं. आणि मी ते थांबवलं.

कारण सांगतो. भूपात सप्तकाला पाचच सूर, तीन सप्तकांत पंधरा पायऱ्या, म्हणजे दर पायरी ९० मीटरहून जास्त. ५०-६० मीटरचा धबधबा दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला तर ऐकूच येत नाही, नदी तिथे शांत वाहतेय असं वाटतं. दुसरं, ज्याच्या कानावर राग आहेत त्याला भूप ऐकताच काहीतरी वाटायला लागतं, आणि ते वाटणं डेटातून आलेलं नसतं, मी निवडलेल्या सुरांमधून आलेलं असतं. कुणी उजाड टेकड्यांचा डेटा भैरवीत वाजवला तर ऐकणारा हळवा होणारच, त्यात टेकड्यांनी काय सांगितलं? मैफलीसाठी, कलाकृती म्हणून करायचं असेल तर जरूर करा, सुंदर होतं. पण नदी समजून घ्यायला ऐकताय तर सूर मोकळे सरकू द्या आणि फाईलबरोबर लिहून द्या की किती मीटरला किती सूर, किती किलोमीटरला किती सेकंद. हे न लिहिलेली फाईल म्हणजे प्रमाण न दिलेला नकाशा.

नकाशा समोर असताना ऐकायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे. नकाशा एका नजरेत सगळं दाखवतो म्हणूनच आपण तो पटकन सोडून देतो. आवाजात उडी मारून पुढे जाता येत नाही, नदी जशी येते तशीच ऐकावी लागते.

एका वर्कशॉपमध्ये कोयना लावली होती. कोयना महाबळेश्वरहून निघते, दक्षिणेकडे जाते आणि मग हेळवाकला पूर्वेला वळते. आवाज सुरुवातीला घसरत घसरत खाली आला आणि मग एकाच सुरावर थांबला तो थांबलाच, पंधरा सेकंद, वीस सेकंद, तरी तोच सूर. दोघा-तिघांना वाटलं प्रोग्राम हँग झाला. मागे एक अंध विद्यार्थिनी बसली होती, ती म्हणाली, "सर, इथे पाणी अडवलंय का?" शिवसागर जलाशय. आणि तेवढ्यात सूर धप्पकन खाली पडला, धरणाची भिंत आली. बाकीच्यांनी हाच नकाशा दहा मिनिटांपूर्वी पडद्यावर पाहिला होता.

तेव्हापासून मी हा प्रश्न कुणी विचारला की आधी कोयना लावतो.

अंध व्यक्तींना हे सगळं स्वतः वापरता येतं का, की फक्त ऐकता येतं?

स्वतः वापरता येतं आणि यायलाच हवं. पोर्टो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ मर्सेड यांची दृष्टी शिकत असताना गेली आणि त्यांनी ताऱ्यांचा डेटा ऐकून संशोधन सुरू ठेवलं, नासातल्या एक्स-सोनिफाय या प्रोग्रामवर काम केलं. खगोलशास्त्रात आता यासाठी ॲस्ट्रॉनिफाय आणि स्ट्रॉस सारख्या मोकळ्या पायथॉन लायब्ररी आहेत, आणि स्ट्रॉसला उंचीचे आकडे दिले तरी चालतात, त्याला तारा आणि डोंगर सारखेच.

व्यवहारात सांगायचं तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यातल्या ई-स्पीक एनजी या बोलणाऱ्या भागात मराठी आवाज आहे. ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायची वही) स्क्रीन रीडरने चालवताना त्रास होतो, म्हणून माझ्या वर्कशॉपसाठी मी साध्या टेक्स्ट फाईलमध्ये स्क्रिप्ट ठेवतो आणि प्रत्येक टप्प्यावर आकडे छापतो, नुसता आलेख नाही. माऊसने क्लिक करून उगम निवडायचा, असं काही ठेवू नका. अक्षांश-रेखांश टाइप करता आले पाहिजेत.

मॉडेल चालतानाच ऐकता येतं का?

येतं, आणि माझ्या मते खरी मजा त्यात आहे. मॉडेल स्थिर झालं की अचानक उत्थान वाढवा. नदीच्या मुखाशी एक पायरी तयार होते, त्याला निक पॉइंट म्हणतात, आणि ती पायरी हळूहळू उगमाकडे चढायला लागते. तिचा वेग वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतो. वर दिलेलेच आकडे घेतले तर १०० चौरस किलोमीटर पाणलोट असलेल्या ठिकाणी ती वर्षाला १० सेंटिमीटर सरकते आणि १ चौरस किलोमीटरच्या ओढ्यात फक्त १ सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या नदीत ती झरझर चढते आणि ओढ्यांत शिरली की रेंगाळते.

ऐकायला असं करा की उतार जिथे सगळ्यात जास्त तिथे एक ठोका, आणि तो ठोका ठिकाणाप्रमाणे डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे. सुरुवातीला एकच ठोका असतो, मग नदीला फाटे फुटतात तसे ठोके वाढत जातात, प्रत्येक फाट्यात एक, आणि हळूहळू एकेक माथ्याला पोचून विझतो. आवाज तयार करायला मी सुपरकोलायडर हा प्रोग्राम वापरतो, ते २००२ पासून ओपन सोर्स आहे. प्युअर डेटा आणि सीसाउंडही चालतील, जे येत असेल ते घ्या.

यावरून दरड कोसळण्याचा अंदाज येईल का? आमच्या गावाचं करून द्याल?

नाही. हे स्पष्ट लिहितोय कारण दर जुलैत असे मेसेज येतात आणि त्यामागची भीती खरी आहे. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालंय. लँडलॅबमध्ये दरडीची शक्यता काढणारा एक भाग आहे, पण त्याला मातीची खोली, तिचा चिकटपणा, पाणी किती लवकर मुरतं, असे आकडे लागतात, आणि ते जागेवर जाऊन मोजल्याशिवाय मिळत नाहीत. घरी बसून अंदाजाने भरलेल्या आकड्यांवरून कुणाला "तुमचं गाव सुरक्षित आहे" असं मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. डोंगरात भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं तर कुठल्याही मॉडेलची वाट न बघता तिथून हला आणि तहसीलदार कार्यालयाला कळवा.

आणि या गावांचा डेटा घेऊन मी आवाज बनवत नाही. तिथे माणसं गेलीत.

लायसन्सचं काय? कॉलेज प्रोजेक्टमध्ये वापरलं तर चालेल?

चालेल. लँडलॅब एमआयटी लायसन्सखाली आहे, ग्रास, क्यूजीआयएस आणि सुपरकोलायडर जीपीएलखाली, दोन्ही मोकळ्या वापराचे परवाने आहेत. ज्यांचं सॉफ्टवेअर आणि डेटा वापरलात त्यांचा उल्लेख करा, आवृत्तीचा नंबर पण लिहा.

तुम्ही वर्कशॉपच्या सुरुवातीला कृष्णा आणि सावित्री एकत्र वाजवता म्हणे, ती फाईल कशी बनवायची?

ही माझी सगळ्यात आवडती फाईल, आणि ती तुम्ही स्वतः बनवावी असं मला मनापासून वाटतं म्हणून कृती देतो.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात एका गोमुखातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी येतं असं आपण मानतो. कॉम्प्युटरला तसं चालत नाही, एका ठिपक्याचं पाणी एकाच बाजूला जातं. म्हणून पठाराच्या धारेच्या दोन बाजूंचे दोन ठिपके निवडा, एक पूर्वेकडे उतरणारा, एक पश्चिमेकडे. सावित्री डाव्या कानात, कृष्णा उजव्या कानात, म्हणजे तोंड उत्तरेला केल्यासारखं. हेडफोन उलटे लावू नका. १ सेकंदाला १ किलोमीटर, ३९ मीटरला एक पट्टी.

सुरुवातीला दोन्ही कानांत जवळजवळ एकच सूर असतो. मग दोन्ही घसरायला लागतात, कृष्णाही सुरुवातीला झपकन उतरते, केट्स पॉइंटवरून तिची दरी पाहिलीत तर कळेल. पण ती मधल्या सुराच्या जरा वर येऊन थबकते, धोम धरणाचं पाणी आलं. डावीकडे सावित्री थांबतच नाही, आर्थर सीटवरून खाली दिसतं ते खोरं, ती काही सेकंदांत सगळ्यात खालच्या पट्ट्यांवर पोचलेली असते. मग पोलादपूर, महाड, बाणकोटची खाडी, दोनेक मिनिटांत डावा कान संपतो.

उजवा चालूच. समुद्र पाठीमागे ६५ किलोमीटरवर होता, आणि ही निघाली १४०० किलोमीटर दूर बंगालच्या उपसागराकडे. ती फाईल २३ मिनिटांची होते. कऱ्हाडला कोयना मिळते, सांगली जाते, आलमट्टीला सूर बराच वेळ स्थिर राहतो, पुढे श्रीशैलम आणि नागार्जुनसागरला लांबच लांब एकच सूर आणि मग भिंतीशी एकदम दोन-तीन पट्ट्या खाली. हंसलदीवीजवळ समुद्र येईपर्यंत सूर इतका हळू उतरतो की ऐकता ऐकता तो बदलतोय हे कळत नाही. मी दर वेळी शेवटी डाव्या कानातला सावित्रीचा शेवटचा सूर परत एकदा लावतो. तोच सूर असतो.